जुनी ट्राम पुन्हा चालती करायचीय? मग आधी रुळांचं बघा

बऱ्याच लोकांना वाटतं की हेरिटेज ट्राम म्हणजे सरकारचा नाहीतर एखाद्या मोठ्या म्युझियमचा प्रोजेक्ट, पगारी स्टाफ असणार, आपला काय संबंध. प्रत्यक्षात अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात कितीतरी जुन्या ट्राम लाइन्स वीकेंडला येणारी साधी माणसं चालवतात, कुणी शाळेत शिकवतं, कुणी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कुणी रिटायर्ड वेल्डर आहे. मी अमेरिकेत अशाच एका छोट्या लाइनवर आधी वर्कशॉपमध्ये आणि मग मोटरमन म्हणून काम करतोय. राइडला आलेली मराठी फॅमिली मला हमखास विचारते की दादा हे तुम्हाला कसं मिळालं, आम्हालाही करता येईल का. येईल, नक्की येईल, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून टाकतोय. काही जण नुसते जॉइन होतील, काही जणांच्या डोक्यात एखादा पडीक डबा वाचवायचं असेल, दोघांच्याही कामाचं यात आहे.

सगळ्यात पहिली गोष्ट, आणि मी हे प्रत्येक नवीन माणसाला सांगतो: ट्राम म्हणजे फक्त डबा नव्हे. डबा, रूळ, वरची तार, ६०० व्होल्टचा डीसी करंट, शेड आणि ते चालवायला शिकलेली माणसं हे सगळं मिळून ट्राम होते. लोक डब्याच्या प्रेमात पडतात, साहजिक आहे, पण डबा घेतला आणि रुळांचा पत्ता नाही अशी अवस्था झाली की तो डबा ताडपत्रीखाली कुजत राहतो आणि पाच-सात वर्षांनी उत्साहही संपतो.

इंग्लंडमधलं क्रिचचं उदाहरण घ्या. डर्बीशायरमधलं हे नॅशनल ट्रामवे म्युझियम आज जगप्रसिद्ध आहे, आत जाताना तुमच्या हातात जुनी पेनी देतात आणि ती ट्रामच्या कंडक्टरला द्यायची, मुलांना प्रचंड आवडतं. पण त्याची सुरुवात बघा. १९४८ मध्ये काही शौकिनांनी साउदॅम्प्टनची ४५ नंबरची ट्राम १० पाउंडाला विकत घेतली. घेतली खरी, पण ठेवायची कुठे, चालवायची कुठे? त्यांची ट्राम जपणारी संस्था (सोसायटी) झाली १९५५ मध्ये, जागा मिळाली १९५९ मध्ये, ती पण चुनखडीच्या जुन्या खाणीची. तिथे पूर्वी जॉर्ज स्टीफन्सनने बांधलेली खनिज रेल्वे होती आणि तिचे रूळ वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेचे स्वयंसेवक काढून नेत होते, त्यातून ट्रामवाल्यांना त्या जागेचा सुगावा लागला. घोड्याची ट्राम सुरू झाली १९६३ मध्ये, विजेची १९६४ मध्ये. म्हणजे १० पाउंड देण्यापासून विजेवर ट्राम धावेपर्यंत सोळा वर्षं. आणि हे यशस्वी झालेल्या लोकांचं वेळापत्रक आहे.

अमेरिकेत मेन राज्यात सीशोअर ट्रॉली म्युझियम आहे, १९३९ पासूनचं. त्यांनी बिडेफर्ड अँड सॅको लाइनचा ३१ नंबरचा उघडा डबा १५० डॉलरला घेतला आणि तो ठेवायला जमीनही शोधली. मला हा क्रम आवडतो, डब्याबरोबर जमीन.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचं. तिथली म्युनिसिपल ट्राम १९५१ पर्यंत चालू होती, बर्नी टाइपचे छोटे डबे, चारच चाकं, एकच माणूस चालवणार आणि तिकिटंही तोच बघणार. लाइन बंद झाल्यावर १९१९ सालचा २१ नंबरचा डबा गावातल्या लायब्ररी पार्कात उघड्यावर उभा होता, ऊन-बर्फ खात. १९७० च्या दशकात तिथल्या महिला क्लबने तो डबा निदान बघण्यासारखा तरी करूया म्हणून विषय काढला, मग काम करता करता लोकांच्या लक्षात आलं की हा चालू शकतो, आणि मग १९७७ ते १९८४ स्वयंसेवकांनी डबा पूर्ण दुरुस्त केला आणि माउंटन अव्हेन्यूच्या मधल्या हिरव्या पट्ट्यात साधारण दीड मैल रूळ पण स्वतः घातले. पूर्वी ट्राम ज्या रस्त्यावरून जायची त्याच रस्त्यावर. उन्हाळ्यात वीकेंडला ती आजही धावते. म्हणून सांगतो, तुमच्या गावात ट्राम होती का, कुठून जायची, तो पट्टा आज कुणाच्या ताब्यात आहे, तिथे झाडं आहेत की पार्किंग झालंय, हे डबा शोधण्याआधी शोधा. नगरपालिकेच्या नकाशांमध्ये बसा, मीटिंगला जा, त्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांशी आधीच बोला कारण दाराशी ट्राम येणार म्हटल्यावर सगळेच खूश होतात असं नाही.

मिनिआपोलिसला पण हेच झालं. तिथल्या कोमो-हॅरिएट लाइनवर आज चालते ती १३०० नंबरची गाडी १९०८ ची, शहरातल्या ट्राम १९५४ ला बंद झाल्या, ही गाडी रेल्वेच्या शौकिनांनी जपली, आणि दोन तळ्यांच्या मधली जुनी ट्रामची वाट मोकळी होती म्हणून १९७१ पासून ती पुन्हा धावायला लागली. वाट मोकळी होती, हे महत्त्वाचं.

रुळांच्या बाबतीत अजून एक गोष्ट जी नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर. सगळीकडे ४ फूट साडेआठ इंच नसतं. पिट्सबर्गच्या ट्रामचं गेज ५ फूट अडीच इंच होतं, म्हणून पेनसिल्व्हेनिया ट्रॉली म्युझियमने आपले रूळच त्या मापाचे घातले. टोरांटोचं १४९५ मिलिमीटर, म्हणजे स्टँडर्डपेक्षा फक्त साठ मिलिमीटर जास्त, आणि ऑन्टारिओतलं हॉल्टन काउंटीचं म्युझियम तेच गेज वापरतं. म्हणजे सुंदर डबा फुकट मिळाला तरी तुमच्या रुळावर तो बसेलच असं नाही, चाकं-एक्सल बदलावे लागतात आणि तो खर्च डब्यापेक्षा जास्त होतो.

आणि तार? तार टाकायला पैसे नसतील तरी सुरुवात करता येते. ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियाला नदीकाठच्या जुन्या रेल्वे रुळांवर १९१३ सालची सॅन अँटोनिओची ३०० नंबरची ट्राम स्वयंसेवक चालवतात, वर तार नाहीच, मागे एका छोट्या ट्रॉलीवर डिझेल जनरेटर जोडलेला. शुद्ध परंपरावाले नाक मुरडतात, पण माझं स्पष्ट मत आहे की जनरेटरवर धावणारी ट्राम ही शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रामपेक्षा हजार पटीने चांगली, लोक बसतात, पैसे येतात, तारेचं पुढे बघता येतं.

आता डबा. बंद झालेल्या ट्रामचे डबे बहुतेक ठिकाणी असे संपले की खालची चाकं, मोटर, लोखंड भंगारात गेलं आणि वरचा लाकडी डबा कुणी शेतकऱ्याने कोंबड्यांचं खुराडं म्हणून नाहीतर सुट्टीतलं घर म्हणून नेला. म्हणून जे सापडतं ते बहुधा चाकांविना सापडतं. त्याला चाकांची गाडी, ज्याला तिकडे ट्रक म्हणतात, ती दुसऱ्या कुठल्या देशातून, दुसऱ्या कुठल्या ट्रामची शोधावी लागते, आणि मिळाली तर लगेच घेऊन ठेवा, वाट बघू नका.

डबा बघायला जाताना चांगला टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जुने कपडे. वरचा रंग, खिडक्यांच्या काचा, सीट यांच्याकडे बघूच नका सुरुवातीला. सरळ खाली झोपा आणि दोन्ही बाजूंच्या लांब तुळया बघा, ज्यावर अख्खा डबा उभा असतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. मग दरवाज्यांच्या खालचे कोपरे आणि छताच्या कडा बघा, पाणी तिथूनच शिरतं. डब्याची पाठ मधून वाकलीय का हे लांबून बघा, दोन्ही टोकं खाली आणि मधला भाग वर असं दिसलं तर तुळया थकल्यात. हे सगळं दुरुस्त होतं, घाबरायचं नाही, फक्त किती काम आहे हे आधी कळायला हवं. आणि मालकी कागदावर घ्या. तोंडी शब्दावर नेलेल्या डब्यावर दहा वर्षांनी कुणाच्या तरी नातवाने हक्क सांगितला तर सगळी मेहनत पाण्यात.

डबा शेडमध्ये आला की पहिला मोह होतो रंग खरवडायचा. थांबा. पहिला महिना नुसते फोटो काढा आणि मापं घ्या. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर टॅग, टॅगवर नंबर, तोच नंबर वहीत. खिडक्यांच्या चौकटी सगळ्या सारख्या दिसतात पण हाताने बनवलेल्या असतात, डावीकडची तिसरी खिडकी डावीकडच्या तिसऱ्याच जागेत बसते, म्हणून चौकटीच्या वरच्या कडेवर, जिथे दिसणार नाही तिथे, नंबर कोरून ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटतं पण डबा सुटा करणारी माणसं आणि तो परत जोडणारी माणसं कित्येकदा वेगळी असतात, मध्ये दहा वर्षं गेलेली असतात, आणि जोडणाऱ्याला ती वही हाच एकमेव आधार असतो.

रंगाचं सांगतो. मूळ रंग कुठला होता हे कळायला एखाद्या आडोशाच्या जागी, म्हणजे दरवाज्याच्या मागे किंवा पाटीखाली, बारीक सँडपेपरने गोल गोल घासत एकेक थर उघडा करायचा, जिन्याच्या पायऱ्यांसारखे थर दिसतात, सगळ्यात आतला मूळचा. पण हे ओल्या सँडपेपरने करा आणि तोंडावर साधा कापडी मास्क नको, फिल्टरवाला रेस्पिरेटर हवा, कारण त्या काळच्या रंगात शिसं असतंच. कोरडं घासून धूळ उडवली तर ती धूळ तुमच्या कपड्यांवरून घरी जाते, लहान मुलांपर्यंत पोचते. कामाचे कपडे तिथेच बदला, हात धुतल्याशिवाय खाऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉस पण असतं, कंट्रोलरच्या (मोटरचा करंट कमी-जास्त करणाऱ्या खांबाच्या) आतल्या पडद्यांमध्ये, हीटरच्या मागे, काही जुन्या वायरींच्या वेष्टणात, त्याला हात लावायचाच नाही, लायसन्सवाला माणूस बोलवायचा, कितीही पैसे लागोत.

लाकूड बदलताना जितकं जुनं ठेवता येईल तितकं ठेवा. अख्खी तुळई बदलण्याऐवजी कुजलेला भाग कापून त्याच जातीचं लाकूड तिरप्या जोडाने बसवता येतं, अ‍ॅश, ओक, आतमध्ये चेरी, जे मूळचं असेल ते. छत कॅनव्हासचं असतं हे बऱ्याच जणांना नवीन असतं. लाकडी पट्ट्यांवर जाड कॅनव्हास एका सलग तुकड्यात ताणून बसवायचा, पूर्वी खाली पांढरं शिसं आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावायचे, आता शिशाऐवजी दुसरा जाड रंग वापरतात, आणि वरून थरावर थर. हे काम एका दिवसात व्हावं लागतं आणि दहा माणसं लागतात, कोरड्या हवेचा दिवस निवडा आणि जेवणाची सोय आधी करा, खरंच, भुकेली माणसं कॅनव्हास सैल सोडतात आणि ती सुरकुती पुढची तीस वर्षं दिसते.

मोटर. ट्रामच्या मोटर एक्सललाच लटकवलेल्या असतात, एका बाजूने एक्सलवर, दुसऱ्या बाजूने ट्रकच्या फ्रेमवर. वर्षानुवर्षं ओल खाल्लेल्या मोटरला कधीही, अगदी कधीही, थेट करंट देऊन बघायचा नाही. आधी साफ करा, वाळवा, मग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, इन्सुलेशन तपासा. रीडिंग खराब आलं तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) वाइंडिंगवाल्याकडे, नवीन कॉइल, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजणं, कॉम्युटेटर (त्याच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर फिरवून गुळगुळीत करणं, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली घेणं. बेअरिंग बहुतेक व्हाइट मेटल नावाच्या मऊ मिश्रधातूची, आत तेलात भिजलेली लोकर भरलेली असते आणि ती लोकरच तेल वर ओढते. म्हणून रोज गाडी बाहेर काढायच्या आधी तेलाच्या झाकणात बघायचं, हे झाकण न बघता गाडी काढणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवशी गाडी मिळत नाही आणि ते बरोबरच आहे.

दिव्यांचं एक मजेशीर गणित सांगतो कारण मुलांना हे फार आवडतं. तारेत ६०० व्होल्ट, दिवा १२० व्होल्टचा, मग कसं? पाच दिवे एका ओळीत सीरीजमध्ये, पाच गुणिले १२०. एक गेला की पाचही जातात आणि मग गेलेला कुठला ते शोधत बसायचं. दिवाळीच्या जुन्या माळेसारखंच, फक्त इथे ६०० व्होल्ट आहेत, त्यामुळे सर्किट बंद केल्याशिवाय दिव्याला हात नाही.

रूळ आणि तारेच्या देखभालीवर थोडक्यात. रूळ फक्त चाकांसाठी नसतात, करंट तारेतून येतो आणि रुळातून परत जातो, म्हणून दोन रुळांच्या प्रत्येक जोडावर तांब्याचा बाँड, म्हणजे जोडतार, लागतो, तो तुटला की गाडी मरगळल्यासारखी चालते आणि करंट जमिनीतून पाण्याच्या पाइपांकडे जाऊन त्यांना गंजवतो. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, दरवर्षी थोडे थोडे बदला, एकदम सगळे बदलायची वेळ येऊ देऊ नका. पाणी साचू देऊ नका. रस्ता क्रॉस होतो तिथे रुळाच्या खाचेत खडी आणि बर्फ अडकतो, तो प्रत्येक दिवसाच्या पहिल्या फेरीआधी साफ. तारेचं काम शिकलेल्या माणसाशिवाय नाही, एवढंच.

आता ज्याच्यासाठी सगळे येतात ते, चालवणं.

पहिल्या दिवशी कुणी हँडल हातात देत नाही. आधी रूलबुक, मग परीक्षा, मग कंडक्टर, मग इन्स्ट्रक्टर शेजारी उभा असताना रिकामी गाडी, मग प्रवाशांसकट, मग चेकराइड, म्हणजे शेवटची परीक्षेची फेरी. इंग्लंडमध्ये रेल्वे-रोडचा नियामक याच्यावर लक्ष ठेवतो, अमेरिकेत राज्याराज्याचे नियम वेगळे, पण चांगल्या सोसायट्या कायद्यापेक्षा कडकच असतात. दरवर्षी रिफ्रेशर असतो आणि तो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण हिवाळ्यात चार-पाच महिने गाडी बंद असते आणि हात विसरतात.

कंट्रोलर म्हणजे समोरचा तो उंच पितळी डोक्याचा खांब. डाव्या हाताने हँडल एकेक पॉइंट पुढे. सुरुवातीच्या पॉइंटांवर मोटर एकामागे एक जोडलेल्या असतात, प्रत्येकीला निम्मे व्होल्ट, आणि मध्ये करंट अडवणाऱ्या रेझिस्टन्सच्या लोखंडी जाळ्या. पुढे गेलात की जाळ्या एकेक करून सुटतात, मग मोटर शेजारी-शेजारी जोडल्या जातात, प्रत्येकीला पूर्ण ६००. रेझिस्टन्सच्या पॉइंटांवर रेंगाळायचं नाही, जाळ्या लाल होतात. फक्त सीरीजचा शेवटचा आणि पॅरलेलचा शेवटचा पॉइंट, या दोनच जागी आरामात राहता येतं. आणि घाईत भराभर पुढे पण ढकलायचं नाही, प्रत्येक पॉइंटवर गाडीने वेग घेतल्याचं पायाला जाणवलं की पुढचा. बंद करताना मात्र उलट, मागे एकेक पॉइंट करत यायचं नाही, एकदम झटक्यात ऑफ, नाहीतर आत ठिणगी ओढली जाऊन तांब्याची बोटं, म्हणजे करंट जोडणाऱ्या पट्ट्या, जळतात. कार चालवणाऱ्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला वेग कमी करताना हळूहळू सोडायची सवय असते.

बर्नीसारख्या एका माणसाच्या गाडीत हँडल दाबून धरावं लागतं. सोडलं की करंट बंद, ब्रेक लागतो, रुळावर वाळू पडते. १९१० च्या दशकात हे बसवलं होतं लोकांनी, विचार करा.

ब्रेक हवेचा. उजव्या हाताने हँडल फिरवून हवा सिलिंडरमध्ये सोडायची. नवीन माणूस काय करतो, आधी थोडी हवा, मग स्टॉप जवळ आला की घाबरून जास्त, आणि गाडी थांबताना सगळे प्रवासी पुढे. बरोबर पद्धत उलटी: लांबूनच आधी भरपूर हवा द्या, वेग पडत जाईल तसतशी थोडी थोडी सोडत जा, आणि शेवटच्या फुटात जवळजवळ काहीच हवा नको, गाडी स्वतःच थांबते. उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडला नाही तर ब्रेक जमला. चाकं लॉक झाली तर चाकाला सपाट डाग पडतो आणि मग जन्मभर टक-टक-टक, ते घालवायला चाक लेथवर न्यावं लागतं. पानगळीच्या दिवसात रूळ साबणासारखे होतात, तेव्हा वाळूची पेटी भरलेली आहे आणि वाळू कोरडी आहे हे सकाळीच बघा. प्रत्येक वेळी निघाल्यावर लगेच, वेग घ्यायच्या आधी, ब्रेक एकदा लावून बघायचा.

तारेत जिथे एक सेक्शन संपून दुसरा सुरू होतो तिथे इन्सुलेटर असतो, त्याच्याखालून जाताना करंट बंद, गाडी नुसती वाहत जाऊ द्यायची. आणि पायाखाली घंटा असते, गॉंग. ती प्रत्येक क्रॉसिंगला, प्रत्येक सायकलवाल्याला, निघताना दोनदा. गाडीला स्टिअरिंग नाही, तुम्ही बाजूला होऊ शकत नाही, म्हणून समोरच्याला आधी सांगणं हाच तुमचा बचाव.

शेवटच्या स्टॉपला गाडी वळत नाही, माणसं वळतात. ब्रेक लावा, उलट-सुलट दिशेची चावी आणि ब्रेकचं हँडल काढून घ्या (ही दोन्ही खिशात-हातात असल्याशिवाय केबिन सोडायची नाही, प्रवाशातलं एखादं लहान मूल लगेच जाऊन उभं राहतं), दुसऱ्या टोकाला जा. तोपर्यंत कंडक्टर ट्रॉली पोलचा (छतावरचा, तारेतून करंट घेणारा लांब दांडा) दोर धरून पोल तारेवरून खाली घेतो, गाडीला अर्धी फेरी मारून दुसऱ्या दिशेने लावतो. रस्त्यावर उतरून मागे मागे चालत हे करायचं असतं, म्हणून आधी ट्रॅफिक बघा, मग वर बघा. दोन पोल असतील तर आधी नवा वर, मग जुना खाली. सीटच्या पाठी इकडून तिकडे उलटायच्या, हे काम प्रवाशांना द्या, सगळे आनंदाने करतात.

पोल चालता चालता तारेवरून निसटला तर दिवे जातात, कॉम्प्रेसरचा आवाज थांबतो. मोटरमनने लगेच कंट्रोलर ऑफ करून गाडी थांबवायची, कंडक्टरने दोर खाली ओढून धरायचा, कारण मोकळा पोल वरच्या आडव्या तारांना जाऊन आपटतो आणि पोलही वाकतो, तारही तुटते. घाईने परत लावायच्या आधी मोटरमनला विचारायचं, ऑफ आहे का? तो हो म्हणाला की मगच.

कंडक्टरचं काम कमी समजू नका. आमच्याकडे चांगले मोटरमन भरपूर आहेत, चांगले कंडक्टर कमी. दरवाजे, पायरीवरची म्हातारी माणसं, तिकीट, पोल, आणि गाडीची गोष्ट सांगणं. बेलचे इशारे दोनच पाठ करायचे, चालत्या गाडीत एक म्हणजे पुढच्या स्टॉपला थांबा, उभ्या गाडीत दोन म्हणजे निघा. बेस्टच्या बसमध्ये लहानपण गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, टिंग-टिंग ऐकलं की निघायचं हे अंगात असतं. तीन किंवा जास्त म्हणजे ताबडतोब थांबा. आपल्या लाइनच्या रूलबुकात जे असेल तेच मात्र अंतिम, दुसऱ्या लाइनवरून आलेली सवय इथे चालत नाही.

पैशाचं बोलूया. तिकिटावर कुठलीच लाइन चालत नाही. देणग्या, ग्रँट, लग्नासाठी किंवा वाढदिवसासाठी अख्खी गाडी भाड्याने, डिसेंबरमध्ये सांताची ट्राम, ऑक्टोबरमध्ये भोपळ्यांची ट्राम, असं मिळून भागतं. संस्था रीतसर नोंदवा, देणगीदाराला टॅक्समध्ये सूट मिळेल अशी. विमा आधी, पहिला प्रवासी नंतर. आणि पैसे डब्याच्या चकचकीत रंगासाठी मिळतात, स्लीपरसाठी कुणी देत नाही, म्हणून प्रत्येक देणगीतला ठरावीक भाग रुळांसाठी बाजूला ठेवायचा असा ठराव पहिल्याच वर्षी करून टाका.

माणसं टिकवणं हे सगळ्यात कठीण. ज्यांना व्हाइट मेटल ओतता येतं, कंट्रोलरची बोटं जुळवता येतात, ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या शेजारी दर शनिवारी एक तरुण उभा असलाच पाहिजे, मोबाइलवर व्हिडिओ काढा, आवाज रेकॉर्ड करा, हात कसे फिरतात ते शूट करा. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी झाडू देऊन कोपऱ्यात पाठवू नका, पितळ घासायला द्या, कारण संध्याकाळी त्याला काहीतरी चमकताना दिसतं आणि तो पुढच्या शनिवारी येतो. बायका-मुली वर्कशॉपमध्ये येतात तेव्हा त्यांना थेट तिकीट खिडकीवर बसवायची जुनी खोड काही ठिकाणी आहे, ती मोडा, आमच्याकडचं सर्वात सुबक वायरिंग एका मुलीनेच केलंय.

तुम्ही परदेशात असाल तर सुरुवात सोपी आहे: जवळच्या ट्रॉली म्युझियमला फोन करा आणि वर्कडे, म्हणजे दुरुस्तीच्या कामाचा दिवस, कुठला ते विचारा, राइडचा दिवस नव्हे, वर्कडे. पोलादी टोकाचे बूट, जुनी पँट, जेवणाचा डबा. इंजिनिअर असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगू नका, काय शिकता येईल ते विचारा. मराठी मंडळाच्या पिकनिकला अख्खी गाडी बुक करणं ही पण मोठी मदत असते.

आणि भारतात असाल तर? मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, ७ मे १९०७ ला विजेची, १९२० मध्ये डबल डेकर, आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची धावली. दादर टीटीतला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, रोज कितीतरी लोक तिथे टॅक्सी पकडतात. नाशिकलाही नाशिकरोड स्टेशनपासून गावापर्यंत ट्राम होती. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी खोदताना जुने रूळ निघाले तेव्हा लोक बघायला थांबत होते. इथे लगेच लाइन सुरू करा असं मी म्हणत नाही, पण कोलकात्यात ट्राम वाचवण्यासाठी भांडणारे नागरिक आहेत, मेलबर्न आणि कोलकात्याचे ट्रामवाले १९९६ पासून ट्रामजत्रा नावाने एकत्र येतात, तिकडे जाऊन बघा, त्यांच्याशी बोला.

घरबसल्या करता येण्यासारखं पण एक काम आहे आणि ते आत्ताच करायला हवं, कारण १९६४ ला जो दहा वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेलाय. आजी-आजोबांना, शेजारच्या काकांना बसवून विचारा: कुठून कुठे जायचात, तिकीट किती होतं, वरच्या मजल्यावर बसायला भांडण व्हायचं का, कंडक्टरचा ड्रेस कसा होता, पावसात रुळांवर पाणी भरलं की ट्राम कुठे उभी राहायची. मध्ये बोलू नका, त्यांना भरकटू द्या. फोन रेकॉर्डिंगला ठेवा, सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा. अल्बममध्ये ट्रामचा फोटो निघाला तर तो मोबाइलने फोटोचा फोटो न काढता नीट स्कॅन करा, जास्त रिझोल्यूशनवर, मागची बाजू पण, आणि मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही, शाई पुढच्या बाजूला उमटते.